स्टोअर रजिस्टर, पान त्रेसष्ट

शिवडीला, जमिनीखाली चौथ्या मजल्यावर,
जिथं अजून मजला नाही, नुसता काळा दगड आहे
आणि दगडाच्या चिरांतून झिरपणारं खारं पाणी,
तिथं तीन पोकलेन होती.
आता दोन आहेत.

मी वर, पत्र्याच्या स्टोअरमध्ये बसते.
हातमोजे, ग्रीस, बकेटचे दात, तेलाचे डबे.
आलं किती, गेलं किती, सही.
तिसऱ्या मशीनच्या तेलावर सही माझी आहे.

ते बॅरल हितेनभाईंनी दारूखान्यातून आणलं होतं.
निळं, गुळगुळीत, नाव ओळखीचं,
झाकणावरचं सील मात्र एका कडेनं वाकडं,
घाईत खोचलेल्या निरीसारखं.
मी पाहिलं होतं.
"तेल म्हणजे तेल," ते म्हणाले, "लिटरमागं ऐंशी वाचले."

एकशे दहा तास चालली मशीन,
मग दगडात दात रुतवून उभीच राहिली.
फुलचंद सांगत होता,
आधी टकटक, मग किंकाळी, मग काहीच नाही.
क्रँकची बेअरिंगं उघडली तेव्हा
कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं
आतलं तांबं दिसत होतं.
तेल गेलं, तूप गेलं,
धुपाटणंही ट्रेलरवर चढून भंगारात गेलं,
पुन्हा दारूखान्यातच.

कमरुद्दीन मिस्त्री महाडचे. मला काही बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.
दुसऱ्या दिवशी एक डबा उलटा फिरवून टेबलावर ठेवला:
"चित्र बघू नको. मागची बारीक अक्षरं वाच.
पंधराला चिकटलेला हा डब्ल्यू, तो थंडीसाठी.
थंडी शिवडीत कुठली? तू चाळीस बघ.
इंजिन तापल्यावर तेलात किती जीव उरतो
ते चाळीस सांगतं.
मग सी. सी असेल तर डिझेलचं.
त्याच्या पुढं पथ्य सुरू होतं.
एक नंबर म्हातारं, त्याला सीआय-फोर पुरे.
दोन नंबरच्या धुराड्यात गाळणी आहे,
तिला राख सोसत नाही. तिला सीके-फोर."

"तेलात राख असते?"

"जळल्यावर सगळ्यांतच असते,"
म्हणाले, आणि बिडी शिलगवायला बाहेर गेले.
आत मनाईची पाटी मीच लावली आहे.

तेव्हापासून लेकीच्या प्रयोगवहीतला गाळणकागद
मी रजिस्टरमध्ये ठेवते.
डिपस्टिकचं टोक टेकवायचं, एक थेंब,
आणि रात्रभर त्याला पसरू द्यायचं.
सकाळी मधोमध काळं, भोवती करडं,
कडेला विरत गेलेली तपकिरी झाक
असं असेल तर तेल अजून काजळी वाहून नेतंय.
काळं जागच्या जागी बसलं,
कडा धारदार झाली,
की समजायचं, दमलं.
काठ कुरतडल्यासारखा दिसला तर पाणी शिरलंय.
हे पुस्तकात असेल. मी थेंबांत शिकले.

पान त्रेसष्टवर एक नंबरचे अकरा थेंब आहेत,
दोन नंबरचे नऊ.
तीनच्या रकान्यात कागद कोरा आहे,
तो मी फाडला नाही.

आज दुपारी हितेनभाईंचा टेम्पो आला.
निळं बॅरल, सील सरळ, पण बॅच नंबर
बोटानं पुसला तर पुसला गेला.
मी अंगठा वर धरला. अंगठा निळा.
"मॅडम, सही."
"नाही."
"मग काय लिहू?"
"परत लिहा."
त्यांनी फोन लावला, कुणाला ते मी विचारलं नाही.
बॅरल उन्हात उभं आहे, टेम्पोवाला सावलीत.

खाली दोन नंबर सुरू झाली.
आधी थोडी खोकली,
मग आवाज एकसारखा झाला.
मिस्त्री पायऱ्यांवर थांबून ऐकत होते,
एक कान खाली,
एक माझ्या टेबलाकडं.